मोतीबिंदू मशीन काढत नाही

गावाकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘डोळ्यांचे सर्जन सहा महिन्यांच्या कोर्सवर तयार होतात. मोतीबिंदू तर मशीनच काढतं, दहा मिनिटांत. मग एवढे पैसे कशाचे?’ मी सरकारी रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहे, सर्जन नाही. पण रोज त्यांच्या शेजारी उभा असतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

सहा महिने कुठून आले? एमबीबीएस साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप. मग नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा, आणि जागा मिळाली तर तीन वर्षं डोळ्यांच्या शाखेतली एमएस किंवा डीएनबी ही पदव्युत्तर पदवी. कुठेही न अडखळता साडेआठ वर्षं झाली. पडद्याची ऑपरेशनं करायची तर फेलोशिप वेगळी. काही आठवड्यांचं, महिन्यांचं फेकोचं, म्हणजे मशीनच्या मदतीने मोतीबिंदू काढण्याचं, ट्रेनिंग असतं, पण ते आधीच नेत्रतज्ज्ञ झालेल्यांसाठी. आम्हा नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांची पदविका दोन वर्षांची. आम्ही चष्म्याचा नंबर काढतो, मोतीबिंदू ओळखून पुढे पाठवतो. डोळ्याला ब्लेड लावत नाही. चष्म्याच्या दुकानातले ऑप्टोमेट्रिस्टही लावत नाहीत.

मशीन काढतं म्हणे. फेकोचं मशीन अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून ओढून घेतं, हे खरं. पण कधी आणि किती जोराने, हे सर्जनच्या पायाखालचं पेडल ठरवतं. दुसरा पाय मायक्रोस्कोपच्या पेडलवर, दोन्ही हातांत अवजारं. आणि एसआयसीएस या छोट्या चिरेच्या पद्धतीत तर हे मशीन नसतंच. तिथे अख्खा मोतीबिंदू चिरेतून हातानेच बाहेर काढतात. शिबिरांतल्या कितीतरी आजी-आजोबांना अशीच दृष्टी मिळाली आहे.

दहा मिनिटं मात्र बरोबर आहेत, सरावलेला हात असेल तर. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग. त्या दहा मिनिटांत या भिंगाच्या पुढच्या पापुद्र्याला पाच-साडेपाच मिलिमीटरचं गोल तोंड पाडायचं असतं, चिमट्याने फाडत फाडत. फाट कडेला पळाली की हात थांबतो, जेल भरलं जातं आणि ती हळूहळू पुन्हा मध्याकडे वळवली जाते. मागचा पापुद्रा तर मधोमध जेमतेम चार मायक्रॉनचा. डोक्याचा केस त्याच्या दहापट तरी जाड. हा पापुद्रा फाटला तर डोळ्यातली मागची जेली पुढे येते आणि दहा मिनिटांचे पाऊणतास होतात. अशा वेळी थिएटरमध्ये कुणी बोलत नाही.

हा हात येतो कसा? शिकाऊ डॉक्टर आधी बकऱ्याच्या डोळ्यांवर सराव करतात. खाटकाकडून आणलेला डोळा साच्यात बसवायचा आणि दहा-शून्य नायलॉनचा टाका घालायचा. हा धागा केसाहून बारीक, नुसत्या डोळ्यांना दिसता दिसत नाही. एक डॉक्टर रात्री साडेदहापर्यंत तोच टाका घालत-उसवत बसलेली मी पाहिली आहे. पेशंटवरसुद्धा आधी एकच टप्पा करायला मिळतो, बाकीचं सर शेजारी बसून करतात.

मेसेजमागची भीती मात्र खोटी नाही. बोगस डॉक्टर असतात. त्यासाठी पाटीवरची पदवी वाचा: एमएस, डीएनबी यांसारखी, किंवा जुन्या डॉक्टरांची डीओएमएस ही डोळ्यांची पदविका. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. खरे डॉक्टर तो लगेच सांगतात.