आठव्या वर्षी ब्लॅक बेल्ट

नाशिकला माझ्या भाच्याला आठव्या वर्षी कराटेचा ब्लॅक बेल्ट मिळाला. घरच्या ग्रुपवर फोटो आला, पेढे वाटले गेले आणि दोन दिवसांत वादही पेटला. दादाचं म्हणणं, दर तीन महिन्यांनी फी भरून परीक्षा आणि नापास कुणीच नाही, म्हणजे पट्टा विकतच घेतला की! ताई म्हणते, पोरगं चारचौघांत तोंड उघडायला लागलं, हे काय कमी आहे?

मी टोकियोत ज्यूदो शिकतो. वय ४३, पट्टा पांढरा. पहिला महिनाभर फक्त पडायला शिकवलं: हनुवटी छातीला, हात तातामीवर, म्हणजे खालच्या चटईवर, सपकन. आमच्या सेन्सेईंचा, म्हणजे गुरुजींचा, काळा पट्टा गाठीपाशी इतका झिजलाय की आतलं पांढरं सूत दिसतं. तो बदला, असं त्यांना कुणी म्हणत नाही.

पहिल्या काळ्या पट्ट्याला इथे ‘शोदान’ म्हणतात. शो म्हणजे सुरुवात. जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये ज्यूदो उभा केला आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना शोदान दिला. कराटेत जपानी गुरू फुनाकोशींनी ही पद्धत १९२४ मध्ये घेतली. कानोंच्या कोदोकान या ज्यूदो संस्थेत आजही चौदा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय शोदान मिळत नाही.

पण दादा म्हणतो तसं ‘जपानमध्ये असलं काही नसतं’ हेही खरं नाही. शोदानच्या नोंदणीला इथेही पैसे पडतात. आणि पिवळा, नारिंगी, हिरवा ही रंगांची शिडी रुजली ती युरोपात. १९३०च्या दशकात पॅरिसमध्ये ज्यूदो शिकवणाऱ्या कावाइशींनी ती रूढ केली. नवख्याला पुढची पायरी दिसली की तो टिकतो. लहान मुलांना रंग जरूर द्यावेत, या बाबतीत मी ताईच्या बाजूने आहे. आपल्या तालमीत पट्टा नसतो, कोण किती पाण्यात आहे ते मातीत उतरल्यावर कळतं. पण तिथे रोज कुस्ती धरावी लागते. आठवड्यातून दोनदा तासभर येणाऱ्या मुलाला रंगाचा आधार लागतोच.

काळा मात्र आठव्या वर्षी नको. परवा फोनवर भाच्याला विचारलं, क्लास कसा चाललाय? म्हणाला, “मामा, कराटे झालं माझं. आता मी स्केटिंगला जातो.”

दिवाळीत घरी जाणार आहे. त्याला पडायला शिकवीन म्हणतो, गच्चीवर गादी टाकून.