"समजलं का?" हा प्रश्न वॉर्डातून काढून टाका

मी ठाण्यात एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. पेशंटशी कसं बोलावं याचं ट्रेनिंग आम्हाला अधूनमधून मिळतं. हसतमुख राहा, आवाज चढवू नका, आजी-काका म्हणा. सगळं बरोबर आहे. पण वॉर्डात जे घोळ होतात त्यातले बरेचसे गोड बोलूनही होतात, हे मी डोळ्यांनी बघते. कारण आपण दिवसभर असे प्रश्न विचारतो ज्यांचं उत्तर "हो" शिवाय दुसरं येऊच शकत नाही. "समजलं ना?" "गोळी घेतली ना?" "आता दुखत नाही ना?"

पेशंट हो म्हणतो. सिस्टर घाईत आहे हे त्याला दिसत असतं. शेजारी मुलगा उभा असतो, त्याच्यासमोर आपण अडाणी ठरू नये असं वाटतं. आणि परत विचारलं तर सिस्टर चिडेल ही भीती असतेच. त्या "हो"चा अर्थ एवढाच, की तुम्ही आता पुढच्या बेडकडे गेलात तरी चालेल.

ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही फीमेल वॉर्डात जा. दोन म्हात्रे, दोन पाटील आणि एक भोईर हमखास असणार. इंजेक्शन हातात घेऊन "म्हात्रे आजी ना?" विचारलं, की कमी ऐकू येणारी पाटील आजीसुद्धा मान हलवते. म्हणून नाव पेशंटने स्वतः सांगायचं आणि ते हातातल्या पट्ट्याशी ताडून बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ सालीच सांगून ठेवलंय, की ओळख किमान दोन खुणांनी पटवा आणि खोलीचा नंबर त्यात धरू नका. मी म्हणते बेड नंबरही नको, बेड तर दिवसातून दोनदाही बदलतो.

दुखण्याचंही तसंच. "शून्य ते दहापैकी किती दुखतंय?" असं विचारायला आम्हाला शिकवलंय आणि चार्टमध्ये तो आकडा लिहावाच लागतो. पण आमच्याकडे येणाऱ्या वयस्कर बायकांना तो आकडा सांगता येत नाही. त्या म्हणतात ठणकतंय, चमक निघते, आग होते, मुंग्या येतात, कळ मारते. या प्रत्येक शब्दात डॉक्टरांच्या कामाची माहिती असते. कोणी "जीव घाबरा होतोय" किंवा "छातीत दाटल्यासारखं वाटतंय" म्हणालं, तर "छातीत दुखतंय का?" विचारून "नाही" आलं म्हणून पुढे जाऊ नका. मधुमेही माणसाला, म्हाताऱ्यांना आणि बायकांना हार्ट अटॅक अनेकदा ठसठशीत दुखण्याशिवाय येतो. "काय होतंय ते तुमच्या शब्दांत सांगा" म्हणा आणि तेच शब्द फाइलमध्ये लिहा. आमच्या केरळच्या एक सीनियर सिस्टर हे शब्द वहीत लिहून शिकल्या. मराठी मोडकी आहे त्यांची, पण पेशंटचं म्हणणं त्यांच्याइतकं नेमकं क्वचितच कोणी डॉक्टरांपर्यंत पोचवतं.

आता डिस्चार्जचं सांगते, कारण सगळ्यात जास्त धोका मला तिथे वाटतो.

दिवा स्टेशनकडच्या एक आजी. पहिल्यांदाच इन्सुलिन सुरू झालेलं, डोस १६ युनिट. मुलाला सगळं समजावून सांगितलं, तो "हो सिस्टर, समजलं" म्हणत फोनवर रिक्षावाल्याशी बोलत होता. मी आजींना म्हटलं, "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, तुम्ही एकदा भरून दाखवा." आजी म्हणाल्या, "मला येतं गं, ह्यांना मीच द्यायचे." त्यांनी पिशवीतून घरच्या सिरिंज काढल्या, लाल टोपणाच्या. हात अगदी सराईत. हवा काढली, बरोबर १६ च्या रेघेपर्यंत भरलं.

लाल टोपणाची सिरिंज असते ४० च्या बाटलीसाठी, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. आजींना दिलेली नवी बाटली होती १०० ची, तिला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. त्या लाल सिरिंजमध्ये १६ च्या रेघेपर्यंत भरलेलं इन्सुलिन १६ युनिट नव्हतं, ४० युनिट होतं. अडीचपट. घरी जाऊन तेवढं टोचलं असतं तर साखर उतरून घाम, थरथर, बेशुद्धी, आणि रात्री कोणाच्या लक्षातही आलं नसतं. मुलगा खोटं बोलत नव्हता. मी जे सांगितलं ते त्याला समजलंच होतं. पिशवीत काय आहे ते फक्त आजींना माहीत होतं.

म्हणून मी म्हणते, करून दाखवायला सांगा, किंवा "घरी गेल्यावर सुनेला कसं सांगाल?" असं विचारा. परीक्षा घेतल्यासारखं वाटू नये म्हणून चूक आपल्याकडे घ्यायची: मी नीट सांगितलं का ते बघते.

यावर माझ्या मैत्रिणी म्हणतील, वेळ कुठाय? खरंच नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे, शिकवणाऱ्या हॉस्पिटलात ३ पेशंटमागे १ नर्स, बाकी ठिकाणी ५ मागे १. नाईटला एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या मुलींसमोर हा निकष वाचून दाखवायची मला लाज वाटते. सलाईन, बीपी, सॅम्पल, नोंदी, सगळ्याला चार्टमध्ये रकाना आहे. पेशंटला समजावण्याला नाही. ज्याला रकाना नाही ते काम धरलंच जात नाही, आणि मग त्यासाठी माणूसही मिळत नाही. मॅनेजमेंटने नर्सला "सॉफ्ट स्किल्स" शिकवण्याआधी हा रकाना आणि ती माणसं द्यावीत, असं माझं ठाम म्हणणं आहे.

पण एक गोष्ट आजही जमण्यासारखी आहे. समजावणं बिल झाल्यावर, लिफ्टपाशी करायचं नाही. इन्सुलिन सुरू झालं की दुसऱ्या दिवशीपासून सकाळचं इंजेक्शन आपल्या देखरेखीखाली पेशंटच्याच हातून द्यायचं. कॅशलेसचं अप्रूव्हल येईपर्यंत सगळे तासन्‌तास बसून असतात, तो वेळही वापरता येतो.

नातेवाइकांना माझी एक विनंती. सिस्टर पेशंटला प्रश्न विचारते तेव्हा कृपया पेशंटलाच बोलू द्या. उशिरा बोलतील, चुकीचं सांगतील, चालेल, त्यातूनच आम्हाला कळतं. आणि तुम्हाला काही समजलं नसेल तर तिसऱ्यांदा विचारा. माहिती समजेल अशा भाषेत मिळणं हा रुग्णहक्क आहे, ते आमचे उपकार नाहीत.

ज्यांच्या घरी इन्सुलिन चालू आहे त्यांनी आज फ्रिजमधली बाटली काढून तिच्यावर ४० लिहिलंय की १०० ते वाचा, आणि सिरिंजवर काय लिहिलंय तेही. दोन्ही आकडे जुळत नसतील तर पुढचं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.