प्रयोगशाळेचं दार

निनावी महोदय,

गाईंसाठीची गॅमा इंटरफेरॉन आणि जी-सीएसएफ ही प्रतिकारशक्तीशी संबंधित दोन प्रथिनं ई. कोलाय या जिवाणूत कशी तयार करतात, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. आधी चूक कबूल करतो. पेगबोविग्रास्टिमचं (जी-सीएसएफचंच औषधी रूप) दुसरं इंजेक्शन गाय व्याल्यावर २४ तासांच्या आत द्यायचं असतं, मी ४८ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. पहिलं व्यायच्या साधारण ७ दिवस आधी, ते मात्र बरोबरच होतं.

पण "लेखकाने प्रयोगशाळेचं दारसुद्धा पाहिलेलं दिसत नाही"? मुद्दा मांडा ना, लायकी कशाला काढता?

नऊ वर्षं काढलीत त्या दारामागे. ई. कोलाय प्रथिन भरभरून बनवतो, पण ते बरेचदा पेशीतच न विरघळणाऱ्या गोळ्यांत, म्हणजे इन्क्लूजन बॉडीजमध्ये, गठ्ठा होऊन बसतं. सेंट्रिफ्यूजच्या नळीच्या तळाशी भिजल्या खडूसारखा पांढरा थर. तो ८ मोलर युरियात विरघळवायचा आणि मग युरिया सावकाश कमी करत प्रथिनाची घडी बसू द्यायची. घाई केली की सकाळी द्रावण गढूळ, आठवड्याचं काम मोरीत. हे काय मी घरबसल्या रचलं?

राहिला तुमचा प्रश्न, की जिवाणूतून येणाऱ्या एंडोटॉक्सिन या विषाबद्दल लेखात काहीच कसं नाही. तो मला शिकवू नका. आमच्या गॅमा इंटरफेरॉनच्या पहिल्या बॅचने गाईच्या रक्तातल्या पेशी अशा काही चेतवल्या की आम्ही हवेत होतो. वरिष्ठ म्हणाले, नमुना उकळून परत लावा. उकळल्यावर गॅमा इंटरफेरॉन निकामी व्हायला हवं. आमचा नमुना मात्र तेवढ्याच जोमात! म्हणजे पेशी चेतवत होतं ते जिवाणूच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजेच एंडोटॉक्सिन, जे उकळीला दाद देत नाही. ते काढण्यात चार महिने गेले. तेव्हा मला हे ठाऊक नाही, असा समज नको. लेख लांबत होता म्हणून गाळलं, इतकंच.

खर्च, दुधातले अवशेष वगैरेंवर पुन्हा कधीतरी. आणि बीएसटीला यात ओढू नका. ते दूध वाढवायचं हॉर्मोन. जी-सीएसएफ न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, वाढवतं, कारण विण्याच्या सुमारास गाईची प्रतिकारशक्ती ढासळते आणि कासदाह तेव्हाच गाठतो. एवढा फरक तरी करा.

ता. क. उकळलेल्या नमुन्याचा परिच्छेद लेखात घातला आहे. तुमच्या सांगण्यावरून नव्हे, लिहिताना आठवला म्हणून.