रात्रीचा ठणका आणि दोन वर्षांची दिरंगाई

गेली सोळा वर्षे मी एका तालुक्याच्या गावी दंतवैद्य म्हणून काम करतो आहे. रात्री दहानंतर मोबाइल वाजला की पलीकडे बहुतेक वेळा एखाद्या लहान मुलाचे वडील असतात आणि त्यांच्या आवाजामागे मुलाचे रडणे ऐकू येत असते. दाढ ठणकते आहे, लवंगेचे तेल लावून झाले, गोळी दिली, तरी पोर झोपत नाही, आता काय करू, असा तो प्रश्न असतो. सकाळी मूल दवाखान्यात येते. तोंड उघडून पाहिल्यावर दिसते ती कीड आदल्या रात्रीची नसते. ती निदान वर्षभराची, पुष्कळदा दोन वर्षांची असते, आणि घरातल्या प्रत्येकाने तो काळा खड्डा कधी ना कधी पाहिलेला असतो.

‘दुधाचा दात आहे, पडणारच आहे’ हे वाक्य या दिरंगाईच्या मुळाशी आहे. त्यातले अर्धे सत्य नाकारता येत नाही, कारण दुधाचे वीसही दात पडतात. मात्र पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात आणि मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात, हे त्या वाक्यात येत नाही. चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेला आणखी सहा-सात वर्षे काम करायचे असते. दुधाच्या दाताचे वरचे कवच पातळ असते आणि आतली नस तुलनेने मोठी असते, त्यामुळे मोठ्यांच्या दातात ज्या किडीला बराच काळ लागतो ती येथे झपाट्याने नसेपर्यंत पोहोचते. हे वाक्य केवळ आजीच्या तोंडी असते असेही नाही. आमच्या व्यवसायातील लोकही रडणाऱ्या मुलावर उपचार करण्याचे टाळण्यासाठी ते सोयीने वापरतात, आणि पहिल्या काही वर्षांत मीही ते वापरले आहे.

या सगळ्यात सर्वांत फसवी असते ती ठणका थांबण्याची वेळ. मूल आडवे झाले की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, दाताच्या बंद पोकळीत सुजलेल्या नसेला फुगायला जागा नसते, म्हणून दिवसा खेळणारे मूल रात्री किंचाळत उठते. असे चार-सहा दिवस जातात आणि एके दिवशी ठणका आपोआप थांबतो. घरचे सुटकेचा श्वास सोडतात, ठरवलेली भेट रद्द करतात आणि गोळीने गुण आला असे शेजारीपाजारी सांगतात. प्रत्यक्षात आतली नस मेलेली असते. मेलेल्या नसेला वेदना होत नाही, पण तेथे जंतू वाढत राहतात, काही महिन्यांनी हिरडीवर पुटकुळी दिसू लागते, ती फुटते, पुन्हा भरते, आणि मग एका सकाळी मूल गाल सुजवून उठते. माझ्याकडे धावत येणाऱ्या मुलांपैकी बरीच या दुसऱ्या टप्प्यावर येतात, आणि पहिल्या ठणक्याच्या वेळी का आला नाहीत असे विचारले की ‘तेव्हा थांबले होते ना’ हे उत्तर मिळते.

त्यातच मेडिकलमधून परस्पर आणलेल्या अँटिबायोटिकच्या बाटलीची भर पडते. नस सुजल्यामुळे होणारा ठणका अँटिबायोटिकने थांबत नाही. दाताच्या आतली कीड साफ करणे, नसेचे काम करणे किंवा दात काढणे हाच त्यावरचा उपचार आहे. सूज पसरत असेल, ताप असेल, तर औषधाला अर्थ आहे, पण तेव्हाही दात तसाच ठेवून केवळ औषध देणे म्हणजे पुढच्या सुजेची तारीख लांबवणे होय. सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली मानेकडे सरकत असेल, मुलाला गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर सकाळची वाट पाहू नये आणि माझ्यासारख्याच्या छोट्या दवाखान्यातही न येता थेट मोठे रुग्णालय गाठावे. एरवीच्या रात्रीसाठी वजनानुसार दिलेले पॅरासिटामॉल पुरेसे असते. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये, आणि गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याचा जो प्रकार चालतो त्याने हिरडी भाजते.

अशा तातडीच्या भेटीचा एक हिशेब कोणी मांडत नाही. मुलाने आयुष्यात पहिल्यांदा दंतवैद्य पाहिला तोच मुळी रात्रभर न झोपता, गाल सुजलेला असताना. सुजलेल्या, पू झालेल्या जागी भूल देणारे इंजेक्शनही नीट काम करत नाही, त्यामुळे त्याची सर्वांत वाईट भेटच पहिली ठरते. पुढे तेच मूल बापाच्या वयाचे झाले तरी दवाखान्याच्या दारातून परत फिरते आणि आपल्या मुलालाही गाल सुजल्याशिवाय आणत नाही. हे चक्र मी आता दुसऱ्या पिढीत पाहतो आहे.

आईवडिलांना दोष देऊन हा विषय संपत नाही. शेतमजुरी करणाऱ्या आईला दवाखान्याची एक फेरी म्हणजे एक खाडा, आणि न दुखणाऱ्या दातासाठी खाडा करणे तिला परवडत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुले तर जवळजवळ अर्धे वर्ष गावात नसतात. तरीही सगळे गरिबीवर ढकलता येणार नाही, कारण इंग्लंडमध्ये मुलांना दंतोपचार मोफत असूनही 5 ते 9 वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याच्या कारणांत किडलेले दात वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिले आहेत. आपल्याकडे 2002-03 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांच्या सुमारे निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले होते. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांसाठीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याच पालघरहून सुरू झाला, आणि त्यातील शाळा-अंगणवाडीच्या तपासणीत दातही पाहिले जातात. तपासणीची चिठ्ठी मात्र दप्तरातून बाहेर येत नाही, कारण ज्या दिवशी ती हाती पडते त्या दिवशी दात दुखत नसतो. सहाव्या वर्षी सर्वांत मागे कोणताही दात न पडता जी नवी दाढ येते, तीही दुधाचीच समजून घरोघर सोडून दिली जाते. ती आयुष्यभराची दाढ असते.

आता याच्या नेमके उलट चित्र. ज्या एका प्रसंगी खरोखर मिनिटे मोजून धावायला हवे, त्या प्रसंगी लोक निवांत येतात. गेल्या वर्षी नऊ वर्षांचा एक मुलगा क्रिकेट खेळताना पडला आणि त्याचा पुढचा कायमचा दात मुळासकट बाहेर आला. आधी ओठावर टाके घातले गेले, मग रक्त थांबले म्हणून सगळे घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो दात माझ्यासमोर आला तो वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला, घासून स्वच्छ केलेला आणि कोरडा. दाताच्या मुळावर ज्या पेशी असतात त्या तासभर कोरड्या राहिल्या की बहुधा जगत नाहीत. मी तो दात बसवला, पण असा दात हाडाला चिकटतो, त्याचे मूळ हळूहळू झिजते, मूल वाढते आणि दात मात्र मागे राहतो. कृत्रिम दात हाडात बसवायचा तर वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आणखी जवळजवळ दहा वर्षे थांबावे लागते.

आंतरराष्ट्रीय दंत-आघात संघटनेच्या 2020 च्या सूचना याबाबत स्पष्ट आहेत. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये, मळला असेल तर दुधाने हलकेच धुवावा आणि शक्य असल्यास त्याच जागी लगेच बसवून मुलाला रुमाल चावून धरायला सांगावे. ते जमत नसेल तर दात दुधात टाकून ताबडतोब निघावे. पाणी त्यासाठी चांगले नाही, पण दुसरे काहीच नसेल तर दात कोरडा ठेवण्यापेक्षा ते बरे. हे फक्त कायमच्या दाताबद्दल आहे. दुधाचा दात पुन्हा बसवायचा नसतो, कारण खाली वाढणाऱ्या दाताला त्याने इजा होऊ शकते.

म्हणून यंदा शाळा सुरू झाल्यावर मी गावातल्या दोन शाळांमध्ये जाऊन शिक्षकांना एवढेच सांगितले, किडीचे व्याख्यान दिले नाही. क्रीडाशिक्षकांनी ते वहीत लिहून घेतले. मागच्या बाकावरच्या एका बाईंनी विचारले, की शाळेत दूध येते ते साखर घातलेले, ते चालेल का. मी म्हटले, साखर नको, हळद नको, गरम तर नकोच; टपरीवरून पिशवीचे थंड दूध मागवा, आणि ते येईपर्यंत दात मुलाच्याच लाळेत भिजवून ठेवा. त्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, टपरीवाला शाळेच्या फाटकालाच लागून आहे, त्याला आजच सांगून ठेवते.