माइकच्या वायरीवर दिवे नाचवण्याची कला

रंगमंचाच्या दिव्यांसाठी कन्सोल भारीतलं घेतलंत, मूव्हिंग हेड म्हणजे मान वळवणारे दिवे त्याहून भारी घेतले, आता कन्सोलचे हुकूम दिव्यांपर्यंत नेणाऱ्या केबलला पैसे कुठून उरणार? नाहीतरी ती जमिनीवर लोळते आणि टेपखाली दबते, तिला बघायला कुणी तिकीट काढत नाही. तेव्हा केबल निवडायचा नियम एकच: हाताशी असेल ती उत्तम. आणि हाताशी नेहमी साउंडवाल्याची माइकची वायर असते.

तिलाही आत दोन तारा, वर जाळी, दोन्ही टोकांना एक्सएलआर कनेक्टर. एवढं जुळल्यावर आणखी काय बघायचं? काही शंकेखोर मंडळी सांगतील की डीएमएक्स, म्हणजे कन्सोलने दिव्यांना आकड्यांत हुकूम द्यायची भाषा, सेकंदाला अडीच लाख बिट धाडतं, एकेक बिट जेमतेम ४ मायक्रोसेकंदांचा, आणि त्याला १२० ओहमच्या आसपास इम्पिडन्सची, कमी कपॅसिटन्सची, पीळ दिलेली जोडी लागते. यातला पीळ माइकच्या वायरीकडे आहे. बाकी इम्पिडन्स बराच कमी, कपॅसिटन्स जास्त, त्यामुळे सिग्नलचे चौकोनी कोपरे झिजून गोल होतात. होऊ द्या. तेवढीच नजाकत.

आणि मुख्य म्हणजे, चालतं हो! गोदामात दहा मीटर वायर आणि चार दिवे लावून बघा, एक दिवा चुकला तर सांगा. डीएमएक्सचा स्वभावच मुळी मोठ्या मनाचा. पाठवलेला आकडा बरोबर पोचला का, हे तपासायची सोय त्यात नाही. दिव्याला जे ऐकू आलं ते त्याने मुकाट्याने करायचं. अर्ध्यावरचं १२७ सांगितलं आणि २५५ ऐकू आलं, तर पूर्ण पेटायचं. पण पूर्ण ५१२ चॅनेलचा पाढा सेकंदाला साधारण ४४ वेळा नव्याने म्हटला जातो, त्यामुळे चूक डोळ्यांत भरायच्या आत पुसली जाते. एवढं पांघरूण घालणारा प्रोटोकॉल मिळाल्यावर केबल चांगली वापरणं हा त्याचा अपमानच. (आतषबाजी किंवा डोक्यावर हलणारी यंत्रणा यावर चालवू नका, असं स्टँडर्ड बजावतं. त्यांचं आपलं काहीतरीच.)

पाच पिनांच्या कनेक्टरच्या नादी तर मुळीच लागू नका. अमेरिकेत यूएसआयटीटी या रंगमंच-तंत्राच्या संस्थेने १९८६ साली डीएमएक्स५१२ बांधलं, तेव्हा कनेक्टर पाच पिनांचा ठरवला. त्यातल्या ४ आणि ५ या पिना बहुतेक वेळा रिकाम्याच. रिकाम्या पिनांसाठी पैसे मोजायला आपण काय वेडे आहोत? शिवाय तीन पिनांची मजा वेगळी. साउंड आणि लाइट यांच्या वायरी एकाच पेटीत गुण्यागोविंदाने नांदतात, आणि घाईत कधीतरी लाइटची लाइन मिक्सरच्या माइक इनपुटात जाऊन बसते. तिथे माइकला वीज पुरवणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर चालू असली, तर कन्सोलच्या आउटपुट चिपचीही परीक्षा होऊन जाते.

सोल्डरिंगचं मात्र मनावर घ्या. जाळी पिन १ला, २ला डेटा मायनस, ३ला डेटा प्लस, हे कुणीही करील. कसब पुढे आहे. जाळीचे चार-पाच केसासारखे धागे मोकळे सोडा आणि बॉडी आवळताना ते आत चिमटले जातील असं बघा. झाली जाळी बॉडीला शॉर्ट. आता कनेक्टर ट्रसला, म्हणजे दिवे टांगायच्या धातूच्या सांगाड्याला, टेकला की अर्थिंगचा नवा रस्ता उघडतो आणि डिमरची गुणगुण त्यावरून सुखाने ये-जा करते. टेकला नाही की सगळं ठीक. दोष शोधणाऱ्याला असा लपंडाव आयुष्यभर पुरतो.

लाइन दोन दिशांना न्यायची आहे? वाय केबल. ऑप्टो-आयसोलेटेड स्प्लिटर नावाची पेटी मिळते, पण तिला वीज लागते, जागा लागते आणि मुळात आधी विचार करावा लागतो. एका लाइनवर ३२ युनिट लोडच्या, म्हणजे ढोबळमानाने ३२ दिव्यांच्या, वर जाऊ नये म्हणतात; तेहतिसावा लावून बघितल्याशिवाय कळणार कसं?

टर्मिनेटर तर शुद्ध अंधश्रद्धा. रिकाम्या प्लगमध्ये २ आणि ३ या पिनांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर, आणि तो शेवटच्या दिव्यात खोचायचा! तो नसला की सिग्नल टोकावर आपटून, दरीत मारलेल्या हाकेसारखा मागे फिरतो आणि पुढच्या बिटांत मिसळतो. मग एखादा दिवा ऐन शांत प्रसंगात थरथरू लागतो. दिग्दर्शकाला तो प्रयोगशील वाटण्याची शक्यता असते, ती कशाला घालवायची? आरडीएम मात्र बंदच ठेवा. त्यात दिवे त्याच जोडीवरून उलट बोलतात, आणि तुमची लाइन कशी आहे ते यादीत दिसतं: आत्ता अठरा दिवे, घटकेत अकरा.

कॅट-५ केबल डीएमएक्सला चांगली चालते, हे खरं आहे, म्हणून ती कायमच्या बसवलेल्या पाइपमध्ये वाया घालवू नका. एकसंध तारेची घ्या आणि रोज गुंडाळा-उलगडा, तार आतल्या आत तुटेपर्यंत.

शेवटी दिवे वेड्यासारखे वागू लागतील तेव्हा आधी दिवा बदला, मग ॲड्रेस, मग कन्सोल, मग ऑपरेटर. एवढं करूनही केबलच खराब निघाली, तर नीट गुंडाळून तिच्याच पेटीत परत ठेवा. टोकाला गाठ मारून किंवा लाल टेप लावून ठेवायची काहींना खोड असते. तसं केलंत तर पुढच्या शोला लोक ती बाजूला काढतील, आणि एवढी मेहनतीने जमवलेली गंमत तुमच्यापुरतीच राहील.