पॉइंट चार

गॅरेजात मिस्त्रीने सांगायचं आणि गिऱ्हाइकाने मान डोलवायची, ही पद्धत मला मनापासून मान्य आहे. पण एक प्रसंग असा येतो की मिस्त्रीच गप्प बसतो. गिअरबॉक्स भलत्याच कामासाठी खाली उतरलेला असतो आणि क्लच प्लेट, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला पोचवणारी तबकडी, जिच्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती, ती आयती बाहेर येते. मग मिस्त्री ती पुसून गिऱ्हाइकाच्या हातात देतो.

"हाई ल्या, सर. नवी टाकू का हाईच चालू देऊ? तुम्हीच सांगा."

माझ्या गाडीचं रिलीज बेअरिंग रडत होतं. क्लच दाबला की घर्रर्र, सोडला की गुपचूप. बेअरिंग काही महाग नसतं. पण ते अशा जागी बसवलेलं असतं की त्याच्यापर्यंत पोचायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे मजुरी वस्तूपेक्षा भारी. मे महिन्यातलं धुळे, पारोळा रोडवरची पत्र्याची शेड, आणि मी हातात काळी तबकडी धरून उभा. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, हे उस्तादला ठाऊक होतं. तेवढ्यावरच त्याने ही जबाबदारी माझ्यावर टाकली.

धुळ्यात उघड्या गिअरबॉक्सला निमंत्रणपत्रिका लागत नाही. पंक्चरवाला आला, समोरच्या टपरीवरचं पोरगं चहा घेऊन आलं ते थांबलंच, आणि एसटीतून निवृत्त झालेले अप्पा खुर्ची ओढून घेऊनच आले. माझा मेहुणा सोबत होताच. गाडी दुरुस्तीला न्यायची म्हटलं की तो नेहमी येतो; सुट्टीत गाडी न्यायलाही नेहमी येतो.

अप्पांनी प्लेट घेतली आणि कलिंगडाला मारावी तशी तिला टिचकी मारली. मग कानाशी धरून हलवली. मला हसू आलं होतं, पण हलवून पाहणं ही खरी परीक्षा आहे. प्लेटच्या मधोमध ज्या छोट्या स्प्रिंगा असतात, त्या क्लच सोडताना बसणारा झटका झेलतात. त्या ढिल्या झाल्या की खुळखुळतात, आणि तुटली असेल तर प्लेट बादच. आमची खुळखुळली नाही.

"कसाले नवी टाकतस? चाली जाई," अप्पांनी निकाल दिला आणि चहा उचलला.

त्यानंतर प्लेट हातोहात फिरली. पंक्चरवाल्याने वास घेतला आणि जळाल्याचं सांगितलं. टपरीवरच्या पोराला ऑइलचा वास आला. वास ही तशी महत्त्वाची गोष्ट. इंजिनाचं किंवा गिअरबॉक्सचं सील गळून ऑइल प्लेटवर आलं असेल, तर पुढे काही मोजायची गरजच नाही. पेट्रोलने धुऊन वाळवा, असं कुणीतरी सुचवलंच. पण लायनिंग, म्हणजे प्लेटवरचं घासणारं अस्तर, ऑइल पिऊन बसलेलं असतं, गरम झालं की पुन्हा बाहेर टाकतं. सुदैवाने पोराच्या हातालाच ऑइल लागलं होतं.

मग एकाने प्लेट तोंडाशी नेऊन फुंकर मारली. इथे मात्र मी ओरडलो. पूर्वीच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, त्याची पूड फुप्फुसात गेली की आयुष्यभराचं दुखणं. जुन्या गाडीच्या प्लेटची धूळ ओल्या फडक्याने पुसायची असते. सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. उस्तादने ओलं फडकं घेतलं आणि त्याने आधी खुर्ची पुसली.

लायनिंगवर थोडी चकाकी होती. ती पॉलिश पेपरने हलकी मोडता येते. क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या समोरच्या प्रेशर प्लेटवर मात्र दोन निळसर डाग होते, बोटाच्या पेराएवढे. लोखंड खूप तापल्याची खूण.

"हे कुठे तापलं?" मी विचारलं.

मेहुणा बाहेर जाणारा ट्रक बघू लागला. तोरणमाळचा घाट तो माझी गाडी घेऊन चढला होता, आणि चढावर थांबलं की हँडब्रेक न ओढता हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची त्याची सवय सगळ्या गोतावळ्याला ठाऊक आहे. "दाजी, एवढं नका बघू. नवीनच टाकून घ्या ना," तो म्हणाला. त्याची पुढची सुट्टी जवळ आली होती.

आता खरा मुद्दा रिव्हेटांचा. लायनिंग प्लेटला रिव्हेटांनी जखडलेलं असतं आणि रिव्हेटांची डोकी पृष्ठभागाच्या थोडी आत बुडवलेली असतात. लायनिंग झिजत जातं तसं ते डोक्यांच्या जवळ येतं. डोकं वर आलं की ते थेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला घासतं, मग फ्लायव्हील लेथवर न्यावं लागतं आणि वाचवलेले पैसे व्याजासकट जातात. म्हणून प्रश्न एवढाच असतो, की डोकं अजून किती खोल आहे?

उस्ताद ते अंगठ्याच्या नखाने बघतो. नख अडकलं म्हणजे पास. इतिहासाचार्य राजवाडे आमच्या धुळ्यातच राहिले आणि 1926 साली इथेच वारले. अस्सल कागद हाती आल्याशिवाय ते काही मानत नसत. त्यांच्या गावात नखाचा पुरावा ग्राह्य धरणं मला पटेना. मी व्हर्नियर मागितला, बारीक मापं घ्यायचं यंत्र.

व्हर्नियर शेजारच्या लेथवाल्याकडे निघाला, मखमली डबीत. तो स्वतःच घेऊन आला, दुसऱ्याच्या हातात देईना. अकरावीच्या पोरांना मी वर्षानुवर्षं पहिलं प्रॅक्टिकल याच यंत्राचं देतो. झिरो एरर बघा, मग रीडिंग घ्या, असं घसा कोरडा होईतो सांगतो. आज पहिल्यांदा त्या रीडिंगवर माझेच पैसे अवलंबून होते. व्हर्नियरच्या शेपटीची बारीक काडी रिव्हेटच्या खड्ड्यात सोडली. एका रिव्हेटला पॉइंट नऊ मिलिमीटर. पलीकडच्याला पॉइंट सहा. उलट्या बाजूने एकाला पॉइंट चार. निकाल सगळ्यांत उथळ रिव्हेटचा धरायचा असतो, सरासरीचा नाही. हे मी सांगितलं तेव्हा अप्पा म्हणाले की मग परीक्षेतही तसंच करा.

आता पॉइंट चारचं करायचं काय? गाडीसोबतच्या पुस्तकात टायरमधली हवा असते, बल्बचे वॉट असतात, रिव्हेटची खोली नसते. ती असते वर्कशॉपच्या मॅन्युअलमध्ये. आणि तिथेही सगळ्या कंपन्यांचं एकमत नाही. कुणाची मर्यादा 0.3 मिलिमीटर, कुणाची 0.5. म्हणजे एका कंपनीच्या हिशोबाने माझी प्लेट पास, दुसरीच्या हिशोबाने नापास. अकरावीला मी अशा मुलाला ग्रेस देतो.

अप्पांनी शेवटचा पुरावा काढला. गिअरबॉक्स उतरवण्याआधी उस्तादने हँडब्रेक ओढून, गाडी टॉपच्या गिअरमध्ये टाकून क्लच हळूहळू सोडला होता. इंजिन धाडकन बंद पडलं होतं. प्लेट सरकत असती तर इंजिन नुसतंच घुमत राहिलं असतं. "गाडी बंद पडनी, म्हणजे पास," अप्पा म्हणाले. एकूण वाहनशास्त्रात गाडी बंद पडल्याचा आनंद मानायचा हा एवढाच प्रसंग असावा.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. प्लेट आज चालत होती आणि आणखी काही महिने चाललीही असती. पण मी हिशोब प्लेटचा नाही, मजुरीचा केला. पॉइंट चारमध्ये मेहुण्याच्या किती सुट्ट्या बसतात, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. त्या संपल्या की हाच गिअरबॉक्स पुन्हा उतरणार, हीच मजुरी पुन्हा लागणार, आणि अप्पा हीच खुर्ची घेऊन येणार. गिअरबॉक्स आधीच जमिनीवर आहे, हे नव्या प्लेटच्या बाजूचं सगळ्यांत वजनदार कारण. निळे डाग बघून प्रेशर प्लेटही बदलायला सांगितली.

"पैसा तुमना," अप्पा म्हणाले आणि माझ्यावरचा विश्वास काढून घेतला. मेहुणा एकदम प्रसन्न झाला.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो. क्लच लोण्यासारखा दबत होता. पैसे देत होतो तेवढ्यात माझ्याच मॉडेलची दुसरी गाडी शेडमध्ये ढकलत आणली गेली. तिचा मालक घामाघूम होता आणि नव्या प्लेटचा भाव ऐकून आणखी घामाघूम झाला. उस्तादने मागच्या फळीवरून एक प्लेट काढली, फडक्याने पुसली आणि त्याच्या हातात दिली.

"हाई देखा. एक सरनी गाडीनी शे. आजवर घाट चढेलच नही."