बूट वॉटरप्रूफ आहे का, हे सगळ्यात शेवटी विचारा

लांब पल्ल्याच्या ट्रेकसाठी बूट घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "वॉटरप्रूफ आहे ना?" मला हा क्रमच चुकीचा वाटतो. एका दिवसाच्या चालीत कुठलाही बरा बूट निभावून नेतो. सलग आठवडाभर, रोज वीस किलोमीटर चालायचं तर आधी माप, मग सोल, मग बाकी सगळं.

चालून पाय सुजतो, पाठीवर ओझं असलं की पंजा आणखी पसरतो. म्हणून बूट संध्याकाळी घ्या, आणि ट्रेकला घालणार तेच मोजे घालून बघा. इनसोल (बुटाच्या आतली सुटी गादी) बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे (ते अंगठ्याशेजारचंही असू शकतं) एक ते दीड सेंटिमीटर जागा उरायला हवी, आणि करंगळी कडेबाहेर जाता कामा नये. रोजच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा लागतो तो यामुळेच. दोन्ही पाय अगदी सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप धरा.

मग लेस नीट बांधून जिना उतरून बघा. बोटं पुढे आपटत असतील तर तो बूट परत ठेवा, कितीही आवडला असला तरी. नखं काळी पडतात ती उतारावर. टाच उचलली जात असेल तर एक उपाय आधी करून बघा: लेसचं टोक त्याच बाजूच्या सगळ्यात वरच्या भोकात घालून छोटा फास ठेवा. दोन्हीकडे असे फास झाले की समोरच्या बाजूची लेस त्यातून ओवा, ओढा आणि गाठ मारा. टाच जागेवर बसते. एवढं करूनही हलत असेल तर तो बूट तुमच्या पायाचा नाही.

सोल हातात धरून वाकवा. बूट चवड्यापाशी वाकायला हवा, मधोमध दुमडला तर दगडधोंड्यांच्या वाटेवर तळवे भाजून निघतील. घोट्यापर्यंतचा बूट पाय मुरगळू देत नाही, या समजावर मात्र फार विसंबू नका. तो खडे आत येऊ देत नाही आणि घोट्याला खरचटू देत नाही, हा त्याचा खरा फायदा. पण असा बूट सहसा जड असतो, आणि पायातलं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवतं, कारण ते प्रत्येक पावलाला उचलावं लागतं.

आता वॉटरप्रूफ. आतला पडदा बाहेरचं पाणी अडवतो, पण ओढा ओलांडताना घोट्यावरून शिरलेलं पाणीही तो आतच धरून ठेवतो. पडदा नसलेला, जाळीदार कापडाचा बूट चालता चालता बराच सुकतो, वॉटरप्रूफ मात्र दुसऱ्या दिवशीही ओलाच. ओली कातडी मऊ पडते आणि घासून फोड येतात. बर्फात आणि कडक थंडीत वॉटरप्रूफ बूट जरूर घ्या. उन्हाळी, बहुदिवसांच्या चालीला माझं मत जाळीच्या बाजूने.

मोजे सुती नकोत, लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. कुठे चुरचुरायला लागलं की तिथल्या तिथे थांबा, पाय कोरडा करा, टेप लावा. "पुढच्या मुक्कामाला बघू" म्हटलं की फोड आलाच.

ओले बूट शेकोटीजवळ ठेवू नका, उष्णतेने सोलचा गोंद सुटतो. इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, ओले झाले की बदला.

आणि वर्षानुवर्षं कपाटात पडलेला "जवळजवळ नवा" बूट घालून थेट निघू नका. सोलच्या मधल्या थरातलं पॉलियुरेथेन (फेसासारखं मऊ प्लास्टिक) दमट हवेने न वापरताही कुजतं आणि अख्खा सोल वाटेत निखळतो. अंगठ्याने तो थर दाबून बघा: भुगा पडला किंवा चिरा दिसल्या तर बूट बाद. ठीक वाटला तरी निघण्याआधी पंधरा दिवस तो ओझ्यासकट तीन-चार वेळा लांब चालवून घ्या.